कर, करा, करावे

रसग्रहण कवितेचं करतात, कथेचं करतात. मला ते एका पाटीचं करायचं आहे. पुण्यातल्या बागांत, सोसायटीच्या कुंड्यांजवळ, एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणात ती दिसते : ‘कृपया फुले तोडू नयेत.’ शब्द चारच, आणि तिसरीतलं मूलही ते स्वतःचं स्वतः वाचू शकतं. आज्ञार्थी वाक्य लहान मुलांना कसं शिकवावं असं कोणी विचारलं, तर या पाटीपासून सुरुवात करा असं मी सांगेन.

तिच्या शेजारी दुसरी एक पाटी मनातल्या मनात लावून पाहा : ‘फुले तोडू नका.’ सांगायचं आहे ते तेच. मुलाला विचारलं तर दोन्हींचा अर्थ ते एकच सांगेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण आता क्रियापदाचा शेवट बघा. दोन्हीकडे अनेकवचन आहे. ते कोणाचं? ‘नका’मधलं अनेकवचन ऐकणाऱ्याचं आहे. समोर एकटं पोर असेल तर ‘फुले तोडू नको’. चार पोरं असतील किंवा एकटेच आजोबा असतील तर ‘तोडू नका’. फूल एक असो की शंभर, ‘नका’ला त्याची फिकीर नाही. ‘नयेत’चं वेगळं आहे. एक फूल असेल तर ‘फूल तोडू नये’, अनेक असतील तर ‘फुले तोडू नयेत’. तोडणारा एक आहे की दहा, लहान आहे की मोठा, ओळखीचा की परका, हे क्रियापद विचारतच नाही. ते फुलं मोजतं.

मला हे फार सुंदर वाटतं. ‘नका’ म्हणणारं वाक्य बागेच्या दाराशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतं. ‘नयेत’ म्हणणारं वाक्य फुलांपाशी जाऊन उभं राहिलं आहे. त्यात ‘तू’ही नाही आणि ‘तुम्ही’ही नाही. तोडणारा कोण ते उच्चारलेलंच नाही. उच्चारायचं झालं तर ‘येणाऱ्यांनी’ किंवा ‘मुलांनी’ असा प्रत्यय लावलेला कर्ता येईल, आणि तो आला तरी क्रियापद त्याच्यामागे जाणार नाही. त्यामुळे फुलं तोडण्याचा विचारही मनात नसलेल्या माणसाला ही पाटी वाचून आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटत नाही. चारचौघांच्या जागेत बोलताना लागतो तो सभ्यपणा ‘नयेत’मध्येच भरलेला आहे. ‘कृपया’ पुसून टाकलं तरी पाटीचा आब जात नाही. ‘कृपया फुले तोडू नका’मध्ये मात्र ‘कृपया’ला बरंच काम करावं लागतं.

पाटीतला सगळा जीव त्या शेवटच्या ‘त’मध्ये आहे. तो गळला की ‘फुले तोडू नये’, ‘वाहने लावू नये’ अशी अवघडलेली वाक्यं तयार होतात, आणि ती पुण्यातही पुष्कळ दिसतात. ‘जिन्यात धावू नये’ हे बरोबर आहे, कारण धावण्याला कर्म नाही. ‘जिन्यात चपला काढू नयेत’ म्हणताना ‘त’ हवा, कारण चपला अनेक आहेत. हा नियम तिसरीतल्या मुलाला नियम म्हणून सांगू नये. त्याच्या हातात वही-पेन्सिल द्यावी आणि सदाशिव, नारायण, शनिवार अशा पेठांतून एक फेरी मारून आणावी. पाट्या उतरवून घेता घेता कान तयार होतो. पुणेरी पाट्यांचं नाव झालं ते त्यांच्या तिखटपणामुळे. लोक त्यांचे फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात. मला त्यांचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं. हातभर जागेत, अनोळखी माणसाला, त्याचा चेहरा न बघता काय करायचं ते सांगणं हे लेखनातलं अवघड काम आहे. दारावर हाताने पाटी रंगवणाऱ्या माणसांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं, आणि ते करताना मराठीतलं ‘वे’ आणि ‘नये’ वापरात राहिलं.

इथे व्याकरण जाणणारा वाचक मला थांबवेल. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. त्या परंपरेतून शाळेत आलेल्या मांडणीप्रमाणे क्रियापदाचे अर्थ चार : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘तोडू नका’ हा आज्ञार्थ, ‘तोडू नयेत’ हा विध्यर्थ. मग विध्यर्थाच्या पाटीवर आज्ञार्थी वाक्य कसं शिकवणार? माझं मत स्पष्ट आहे. प्राथमिक शाळेत वाक्य काय काम करतं ते आधी शिकवावं, त्याच्या रूपाचं नाव नंतर. दुसऱ्याने काहीतरी करावं किंवा करू नये म्हणून आपण जे जे बोलतो, ते सगळं मुलाला एका ठिकाणी दिसू द्यावं. दोन वेगळे कप्पे सातवी-आठवीत करता येतात. पाणिनीनेही या अर्थांची यादी देऊन ती आधी एका रूपाला लावली आणि लागलीच पुढच्या सूत्रात दुसऱ्या रूपालाही लागू केली. त्या यादीत विधी आहे, प्रार्थना आहे, निमंत्रण आणि आमंत्रण वेगवेगळी आहेत : जिथे जायलाच हवं ते निमंत्रण, जाणं न जाणं आपल्या मर्जीवर ते आमंत्रण. त्यातच ‘अधीष्ट’ नावाचा एक अर्थ आहे, म्हणजे मान देऊन केलेली विनंती. त्याचं परंपरेत दिलं जाणारं उदाहरण आपल्या विषयाला किती जवळचं आहे बघा : आपण माझ्या मुलाला शिकवावं, असं एक बाप गुरूला म्हणतो.

आपल्या वर्गात मात्र या सगळ्या श्रीमंतीतली एकच नोट फिरत राहते. आज्ञा, विनंती, उपदेश, प्रार्थना, आशीर्वाद हे व्याख्येत पाठ होतं, आणि उदाहरणं द्यायला सांगितली की मुलं लिहितात : दार लाव. पाणी आण. अभ्यास कर. गप्प बस. सगळी वाक्यं मोठ्याने लहानाला सांगितलेली. मूल ती लिहितं कारण त्याने ती ऐकलेली असतात. पण दिवसभरात ते स्वतः किती तऱ्हांनी दुसऱ्याला काही करायला सांगतं, हे त्याच्या लक्षात आणून दिलं जात नाही.

शाळेत गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच मूल एक वाक्य शिकतं : ‘बाई, मी आत येऊ?’ व्याकरणाच्या कोष्टकात ‘येऊ’ हे आज्ञार्थाचं प्रथमपुरुषी रूप आहे. म्हणजे मूल स्वतःसाठी आज्ञा मागतं. बाई म्हणतात, ‘ये.’ तेच क्रियापद, तोच अर्थ, आता द्वितीय पुरुषात. प्रश्नाला उत्तर मिळालं आणि मागितलेली आज्ञाही मिळाली. दारातल्या या दोन वाक्यांत आज्ञार्थाचा इतका नेमका संवाद आहे, की तो फळ्यावर एकाखाली एक लिहून मुलांना दाखवावासा वाटतो. रोज बोललेलं वाक्य आपलं व्याकरण घेऊन समोर आलं, तर मुलाला व्याकरण परकं वाटणार नाही.

दुसऱ्या बाजूला पाठ्यपुस्तक आहे. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीची, म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची स्थापना २७ जानेवारी १९६७ची. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी स्वाध्यायातल्या सूचना वाचल्या : वाचा. लिहा. जोड्या जुळवा. रिकाम्या जागा भरा. कोण कोणास म्हणाले ते सांगा. हे मराठी मुलाने वाचलेलं पहिलं आज्ञार्थी गद्य. त्यात एक गोष्ट मला नेहमी हलवते. रात्री घरी एकटं बसून स्वाध्याय सोडवणाऱ्या आठ वर्षांच्या मुलालाही पुस्तक ‘लिहा’ म्हणतं. घरात सगळे ‘लिही’ म्हणतात, वर्गात बाईही ‘लिही’ म्हणतात. पुस्तक ‘तुम्ही’ म्हणतं. त्या ‘तुम्ही’त वर्गातली सगळी मुलं आली, हे खरं. पण एकट्या मुलाच्या वाट्याला त्यातून थोडा मानही येतो. अलीकडच्या पुस्तकांत व्याकरणाच्या चौकटीवर ‘आपण समजून घेऊया’ असं असतं. इथे सांगणारा स्वतःच कामात सामील झाला. जिथे शिक्षक आणि मूल खरोखर एकत्र काही करणार आहेत तिथे हे ‘या’ फार गोड लागतं. परीक्षेत मात्र ‘उत्तरे लिहूया’ असं छापलं तर ते खोटं होईल, कारण तिथे मुलाच्या शेजारी कोणी नाही. तिथे ‘लिहा’च हवं.

‘वाचा.’ एवढं एकच पद, आणि ते पूर्ण वाक्य आहे. कर्ता दिसत नाही, पण समोरचा आहे म्हणून वाक्य उभं राहतं. मुलांना याचं नवल वाटतं आणि ते वाटू द्यावं. या एका पदापुढे काय लिहायचं, यावरही थांबायला हवं. विरामचिन्हं मराठीत इंग्रजांच्या काळात रुळली. मेजर थॉमस कँडी यांनी पुण्यात राहून मराठी शालेय पुस्तकांवर हात फिरवला आणि १८५०मध्ये विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. आज मुलं प्रत्येक आज्ञेपुढे उद्गारचिन्ह देतात, कारण आज्ञा म्हणजे ओरडणं असं त्यांच्या मनाने घेतलेलं असतं. ‘थांब.’ आणि ‘थांब!’ ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा आणि प्रत्येक वाक्य कुठे बोललं गेलं असेल ते विचारा. पहिलं बसथांब्यावर : मी तिकिटाचे सुटे पैसे काढते, तू इथे थांब. दुसरं लक्ष्मी रस्त्यावर, मूल हात सोडवून धावलं तेव्हा. मुलं स्वतःच सांगतात की रोजच्या बहुतेक आज्ञांना पूर्णविराम पुरतो.

आज्ञार्थाचा आणखी एक गुण आहे, ज्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. मराठीत ‘तू’शी बोलताना क्रियापद पदोपदी मुलगा की मुलगी ते विचारतं : येतोस की येतेस, आलास की आलीस. ‘ये’ ते विचारत नाही. भविष्यकाळातलं ‘येशील’ही विचारत नाही, पण ‘ये’ त्याहून मोकळं आहे, कारण ते निव्वळ धातू आहे. ये, जा, बस, कर, दे : काही न जोडलेलं मूळ क्रियापद. बोलायला लागलेलं मूल सुरुवातीला उचलतं त्यांत हीच रूपं असतात. मग माया, जवळीक, ओळख यांची गरज पडली की आपण बाहेरून काहीतरी जोडतो. ‘ये रे’ म्हटलं की मुलगा उभा राहतो, ‘ये गं’ म्हटलं की मुलगी. क्रियापदाने जे विचारलं नव्हतं ते या एकाक्षरी शब्दांनी सांगून टाकलं. ‘दूध पी बरं’, ‘सांग पाहू’, ‘जरा सरका’, ‘तेवढं दार लाव’, ‘थांब हं’, साताऱ्या-कोल्हापूरकडचं ‘बस की’ : यांतल्या प्रत्येक शब्दाने आज्ञेचं वजन कमी-जास्त केलं आहे. ‘तेवढं दार लाव’ यात काम लहान आहे, तुझा फार वेळ घेत नाही, अशी कबुली आहे. मराठी माणूस घरात ‘कृपया’ म्हणत नाही, म्हणून तो उद्धट ठरत नाही. त्याची विनंती ‘जरा’, ‘तेवढं’, ‘ना’ यांत असते. मुलांना विनंती शिकवताना सगळ्या वाक्यांच्या डोक्यावर ‘कृपया’ चिकटवायला लावणं थांबवायला हवं.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चा हिशेबही आज्ञार्थातच उघडा पडतो. पुण्यातल्या पुष्कळ घरांत नातवंडं म्हणतात, ‘आजी, गोष्ट सांग’ आणि ‘आजोबा, गोष्ट सांगा’. आजीचा मान कमी आहे म्हणून असं होत नाही. आई, आजी, देव यांच्याशी आपलं बोलणं ‘तू’चं असतं, आणि त्यात हक्क असतो. आता बऱ्याच घरांत बाबाही ‘तू’ झाले आहेत. ज्या घरात जसं बोलतात तसं मुलाने लिहावं. वर्गात एकाच वाक्याची तीन-चार रूपं आली तर सगळी बरोबर द्यावीत. देव ‘तू’चा खरा, पण पुण्यातल्या लहान पोरांनाही तोंडपाठ असलेलं आज्ञार्थी वाक्य घ्या. अनंत चतुर्दशीला गणपतीला निरोप देताना सगळे म्हणतात, ‘पुढच्या वर्षी लवकर या.’ तिथे ‘ये’ नाही, ‘या’ आहे, कारण तो घरी राहायला आलेला पाहुणा आहे आणि पाहुण्याला निरोप देताना ‘या’ म्हणण्याची रीत आहे. एरवी त्याच बाप्पाला आरतीनंतर मूल हळूच ‘मला पास कर’ म्हणतं. एका देवाशी एकाच घरात दोन आज्ञार्थ. मुलांना हा फरक दाखवला की ‘मोठ्यांना करा, लहानांना कर’ हा सपाट नियम आपोआप मागे पडतो.

पुण्यात लिहिल्या गेलेल्या आज्ञार्थी वाक्यांत एक वाक्य मला सगळ्यांत मोठं वाटतं. १८४८मध्ये बुधवार पेठेत भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. १८५४मध्ये सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह आला. त्यातल्या एका कवितेचं शीर्षक ‘इंग्रजी शिका’ आहे, आणि दुसरीचं ‘शिकणेसाठी जागे व्हा’. कविता बाजूला ठेवून हे दुसरं शीर्षकच वाक्य म्हणून वाचू. तीन शब्द. पहिला शब्द कारण सांगतो, आज्ञा शेवटी येते. जागं कशासाठी व्हायचं ते ऐकणाऱ्याला आधी कळलेलं आहे. त्याला आंधळेपणाने उठायला सांगितलेलं नाही. मग ‘जागे’. मुलाला ‘जागा हो’, मुलीला ‘जागी हो’ म्हणावं लागतं. क्रियापद लिंग विचारत नसलं तरी विशेषण विचारतं. ‘जागे व्हा’मध्ये सगळे एकत्र आले. आणि शेवटी ‘व्हा’. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘शिवू नको’, ‘शिकू नको’, ‘बोलू नको’ एवढंच ऐकवलं गेलं, त्यांना इथे होकारार्थी आज्ञा दिली आहे, आणि ती ‘तुम्ही’ म्हणून. तिसरीतल्या मुलाला हा इतिहास दोन वाक्यांत सांगता येतो आणि ते मूल तो विसरत नाही. भिडे वाड्याच्या शहरात आज्ञार्थी वाक्य शिकवताना हे उदाहरण फळ्यावर नसणं मला खटकतं.

अनेक शाळांत दिवसाची सुरुवात किंवा शेवट पसायदानाने होतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे मागणं आज्ञार्थ आणि विध्यर्थाच्या रूपांनीच विणलेलं आहे. सुरुवातीला देवाला उद्देशून जी रचना आहे, ती आपल्या पाटीसारखीच : कर्त्याला प्रत्यय आणि क्रियापदाला ‘वे’. पुढची बरीच क्रियापदं तृतीय पुरुषातली, ‘होवो’, ‘जावो’ या वळणाची. मागणारा देवासमोर उभा आहे, तरी ‘तू मला दे’ अशी भाषा नाही. जे हवं आहे ते सगळ्यांसाठी, आणि म्हणून क्रियापदंही त्या सगळ्यांच्या बाजूची. अर्थ पुरता कळण्याआधी मुलं ते म्हणतात. एखाद्या दिवशी त्यातली ‘ओ’कारान्त क्रियापदं शोधून त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करायला सांगितलं, तर प्रार्थनेचा आज्ञार्थ म्हणजे काय हे व्याख्येवाचून समजेल.

आता लिहिण्याकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. तोंडी आज्ञेला सूर असतो, हात असतो, डोळे असतात. ‘ते तिकडे ठेव’ असं म्हणून बोट दाखवलं की काम होतं. कागदावर ना बोट असतं ना ‘हं’चा लाडिक सूर. लेखी सूचनेत क्रियापदाचं रूप आणि वाक्यांचा क्रम एवढ्यावरच भागवावं लागतं. म्हणून मुलांनी सुटी सुटी वाक्यं बनवण्याऐवजी एखादी पूर्ण सूचना लिहावी, आणि दुसऱ्या मुलाने ती वाचून तंतोतंत तेवढंच करावं. वर्गात लिंबू सरबत करायचं ठरवा. एक मूल लिहितं : लिंबू कापा. पिळा. साखर घाला. ढवळा. वाचणारं मूल कोरड्या पेल्यात साखर आणि लिंबाचा रस ढवळत बसतं, कारण पाणी लिहायचं राहिलं. लिहिणाऱ्याला आपलं राहिलेलं वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. लाल शाईच्या खुणेपेक्षा हे शंभर पटींनी चांगलं.

हीच कृती ‘वे’ लावून लिहायला सांगावी. जुन्या मराठी पाककृती अशाच लिहिलेल्या असत. आता मोबाइलवर सगळीकडे ‘चिरा, परता, घाला’ झालं आहे. ‘घाला’ म्हणताना काय घालायचं याने फरक पडत नाही. ‘वे’च्या भाषेत मात्र कांदा चिरावा, मिरची चिरावी, आलं किसावं, बटाटे उकडावेत. मुलाला प्रत्येक वाक्यात जिन्नसाचं लिंग आणि वचन ओळखावं लागतं, आणि ते ओळखतंय याची त्याला दादही नसते. नामाचं लिंग शिकवण्यासाठी कोष्टकं पाठ करून घेण्यापेक्षा एक साबुदाण्याची खिचडी लिहून घेणं केव्हाही बरं. सूचना लिहिण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. सतराव्या शतकातल्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे : अक्षर कसं काढावं, मोकळी जागा कुठे सोडावी, लिहिलेलं कसं जपावं. समर्थांनी ते शिकणाऱ्याला हाताशी धरून एकेक पायरी सांगत लिहिलं. आजच्या कुठल्याही कृतिपत्रिकेने त्या क्रमाकडे बघावं.

रस्ता सांगणं हा आणखी एक उत्तम स्वाध्याय. शाळेची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात आलेल्या पाहुण्याला शनिवारवाड्यावर जायचं आहे. त्याला चिठ्ठी लिहून द्या : बाजीराव रस्त्याने सरळ उत्तरेकडे जा. वाडा दिसला की थांबा. रस्ता जपून ओलांडा. दिल्ली दरवाजा विचारा. इथे ‘जा’ हे रूप ‘तू’लाही तेच आणि ‘तुम्ही’लाही तेच, म्हणून पाहुण्याचा मान पुढच्या ‘थांबा’मध्ये कळतो. मुलं हे स्वतः शोधून काढतात आणि मग खा, गा, न्हा अशी तशीच क्रियापदं गोळा करत सुटतात. शुद्धलेखनही इथेच घ्यावं : ऊठ पण उठा, शीक पण शिका, पूस पण पुसा. एकट्याला सांगताना दीर्घ, ‘आ’ जोडला की ऱ्हस्व. ये-या, दे-द्या, घे-घ्या, हो-व्हा ही मंडळी मुलांच्या तोंडात आधीपासून पक्की असतात. लिहिताना फक्त ‘द्या’ आणि ‘घ्या’ यांची जोडाक्षरं गिरवून घ्यावी लागतात.

एक गोष्ट नकाराबद्दल. शाळेच्या भिंतींवर ‘नये’ फार झाले आहेत. धावू नये, ओरडू नये, कागद टाकू नयेत. नकारातून काय करायचं नाही ते कळतं, काय करायचं ते उरतंच. मुलांना प्रत्येक ‘नये’च्या जागी एक होकारार्थी वाक्य सुचवायला सांगा. ‘जिन्यात धावू नये’ऐवजी कोणी लिहील, ‘कठडा धरून चालावे’. ‘ओरडू नये’ऐवजी, ‘शेजाऱ्याला ऐकू येईल एवढंच बोला’. ही दुसरी वाक्यं लिहायला जास्त विचार लागतो, कारण सांगणाऱ्याला कृती डोळ्यांसमोर आणावी लागते.

चाचणीत मात्र अजून असा प्रश्न येतो : ‘राम अभ्यास करतो. (आज्ञार्थी करा.)’ अपेक्षित उत्तर एकच असतं : ‘राम, अभ्यास कर.’ हे कोण म्हणतंय? रामचा भाऊ, त्याची आई, की त्याचा विद्यार्थी? ऐकणारा ठरल्याशिवाय आज्ञार्थी वाक्याचं उत्तर बरोबर की चूक हे ठरत नाही. म्हणून पुण्यातल्या आणि पुण्याबाहेरच्या प्राथमिक शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रश्न काढताना वाक्यापुढे ऐकणाऱ्याचं नाव लिहावं : धाकट्या बहिणीला, आजोबांना, वर्गमित्रांना, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला. एका वाक्याची चार उत्तरं मागावीत आणि ‘कर’, ‘करा’, ‘करूया’, ‘करावे’ हे चारही ज्याने जागच्या जागी लिहिले, त्या मुलाला पूर्ण गुण द्यावेत.